आफ्रिकेतल्या पाच संस्कृती बनवल्या, पण भाचा म्हणतो पाचही सारख्याच

तापीकाठचा (चोपडा)

राम राम मंडळी.

मी जिनिंगवर काट्याचं काम बघतो. कापसाच्या हंगामात जेवायला फुरसत नसते, म्हणून लॅपटॉप उघडतो तो उन्हाळ्यात. असे दोन उन्हाळे घालून फ्रीसिव्ह या राज्यं वसवायच्या संगणकावरच्या खेळासाठी एक मॉड करतोय, म्हणजे खेळात माझी स्वतःची भर. आफ्रिकेतली पाच जुनी राज्यं: पश्चिमेकडचं माली, इथिओपियाकडचं अक्सुम, आताच्या नायजेरियाच्या दक्षिणेतलं बेनिन, चाड सरोवराकडचं कानेम-बोर्नू आणि दक्षिणेकडचं ग्रेट झिम्बाब्वे. फ्रीसिव्ह का, तर फुकट आहे, माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर चालतं आणि फायली सगळ्या साध्या मजकुराच्या.

परवा सातवीतल्या भाच्याला खेळायला बसवलं. दोन तास खेळला आणि म्हणाला, "मामा, पाचही सारखेच आहेत. नुसती झेंड्याची रंगरंगोटी." लागलं मनाला, पण पोरगं खोटं बोललं नाही. प्रत्येकाला थोडं जास्त सोनं आणि एक भालेवाला, एवढंच मी केलंय.

मालीचंच घ्या. तिथला राजा मनसा मूसा १३२४ ला हजला जाताना कैरोत सोनं वाटत गेला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ. म्हणून मीही मालीला दर शहरामागे सोनं दिलं. पण वाचत गेलो तसं कळलं की सोनं दक्षिणेला बांबुक-बुरेकडे आणि मीठ उत्तरेला वाळवंटात तगाझाला. प्रवासी इब्न बतूता १३५२ ला तगाझात होता. तिथली घरं आणि मशीद मिठाच्या लाद्यांची, वर उंटाच्या कातड्याचं छप्पर, झाड एकही नाही. हे वाचून मी अर्धा तास नुसता बसून होतो. आता हे गेममध्ये आणायचं कसं?

अक्सुम त्यातल्या त्यात जमलंय. तांबड्या समुद्रावरचं अदुलिस बंदर, स्वतःची सोन्याची नाणी, एझाना राजा ख्रिस्ती झाल्यावर नाण्यावरची चंद्रकोर जाऊन आलेला क्रूस. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक टिपणात अदुलिसला उतरणाऱ्या मालात भारतातलं लोखंड, पोलाद आणि सुती कापड आहे. कापूसवाल्याचा जीव तेवढ्यावरच सुखावला.

बाकी चारांना वेगळं कसं करू? फायली खाली जोडल्यात.

नकाशावाला (मूळ धुळे, आता पुणे)

फायली पाहिल्या. मेहनत आहे, पण सगळी बोनसमध्ये घातलीस.

मालीचं फुकटचं सोनं काढून टाक. फ्रीसिव्हमध्ये कॅरॅव्हान (व्यापारी तांडा) लांबच्या शहरात नेला की जास्त मिळकत होते. तीच मिळकत मालीला वाढवून दे. इफेक्ट्सच्या फाइलीत अट म्हणून राष्ट्राचं नाव घालता येतं. मग खेळणारा आपोआप एक शहर वाळवंटात वसवेल, जिथे काही पिकत नाही. तुझं तगाझा ते.

बेनिनचं उलटं. तू त्यांना घोडेस्वार दिलेत! तो पट्टा जंगलाचा, त्सेत्से माशीचा. ती चावली की घोड्याला नागाना नावाचा रोग होतो आणि घोडा मरतो. सवाना म्हणजे गवताळ मुलखातल्या ओयो राज्याकडे घोडदळ होतं, बेनिनच्या रानात ते टिकलं नसतं. घोड्यांचा वेगळा युनिट क्लास (सैन्याचा प्रकार) कर आणि टेरेनच्या (जमिनीच्या) फाइलीत जंगलाच्या यादीतून तो वगळ. बेनिनला वेगळं काही द्यायचंच नाही, जंगलच त्यांचा तट. शिवाय खंदक आणि मातीचे बांध होतेच त्यांचे.

आप्पा (शिरपूर)

भाऊ, तुझा खेळ मला कळत नाही, पण माझा नातू तुझी फाइल वाचून दाखवत होता. पाचही ठिकाणी तू गहू पेरलास. अक्सुमच्या डोंगरात ठीक आहे. माली-बोर्नूत गहू कुठून आणला?

माझी तीस वर्षं ज्वारीच्या कामात गेली, म्हणून सांगतो. ज्वारी मूळची सुदानकडची. बाजरी साहेलची, म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्याची, तिचे फार जुने दाणे मालीतच सापडलेत. आपण दोन्ही भाकरी आपल्या म्हणून खातो, पण बियाणं तिकडून आलेलं आहे.

बोर्नूचं तर ऐकच. चाड सरोवराच्या काठी काळी चिकणमाती आहे, तिला ते फिर्की म्हणतात. पावसाळ्यात पाणी साचतं, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. पाणी ओसरलं की तिथे ज्वारीची रोपं लावतात आणि वरून थेंब न पडता नुसत्या ओलीवर पीक काढतात. नाव मसाक्वा. आता मला सांग, तापीकाठची आपली दादर ज्वारी याहून काय वेगळी? आपण पेरतो, ते रोप लावतात, एवढाच फरक. पाणी धरायला बांधही घालतात.

बोर्नूला दलदलीच्या जमिनीवर धान्य दे. बाकी कुणाला देऊ नको.

पाटलाचा_पक्या

भो, मन्हा गडी मलिक अंबर कोठे शे?

सावदेकर ताई

पक्या, मलिक अंबर जन्मानं हबशी, पण गुलाम म्हणून विकला जात दख्खनमध्ये पोचला आणि निजामशाहीचा वजीर म्हणून १६२६ ला वारला. त्याला दख्खनच्या मॉडमध्ये घे.

तापीकाठचा दादा, तुमच्या मॉडमध्ये राजाचं नाव "मनसा मनसा मूसा" असं येतंय. मनसा ही पदवी आहे. तुम्ही पदवीच्या रकान्यातही लिहिलीत आणि नावाच्या रकान्यातही. बेनिनला तर राजाचं नावच "ओबा" आहे! ओबा म्हणजे राजा. तिथे एवुआरे लिहा. राणी हवी असेल तर ओबा एसिगीची आई इदिया घ्या, राजमातेचं पद मोठं होतं तिकडे.

झिम्बाब्वेचा घोळ खरा अवघड आहे. त्या लोकांनी लिहून काहीच ठेवलं नाही, त्यामुळे तिथल्या राजांची नावं आपल्याला मिळत नाहीत. तुम्ही टाकलेली तीन नावं कुठली? ती काढा. नंतरच्या मुतापा राज्यातला न्यात्सिंबा मुतोता घ्या आणि माहितीत तसं स्पष्ट लिहा. आणि त्यांची श्रीमंती गुरांची. चुन्याशिवाय रचलेली ती ११ मीटरपर्यंत उंच भिंत सगळे दाखवतात, गोठा कुणी दाखवत नाही. किनाऱ्यावरच्या सोफाल्यातून सोनं जायचं आणि समुद्रापलीकडून काचेचे मणी, चिनी भांडी आत यायची. गुरं आणि बंदराची वाट, दोनच गोष्टी द्या, पुरे.

तापीकाठचा (चोपडा)

ताई, ती तीन नावं मीच जुळवली होती. काढली. "मनसा मनसा" बघून तर घरातले सगळे हसले.

आप्पा, मसाक्वा घातली. दलदलीवर बोर्नूला दोन धान्य जास्त. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग त्यांचीबी भाकर काळपट व्हत असंल का?" मला काही उत्तर देता आलं नाही, तुम्हीच सांगा.

नकाशावाला, घोड्याचा क्लास वेगळा केला. काल भाच्यानं बोर्नू घेऊन बेनिनवर स्वारी केली. घोडे जंगलाच्या कडेला येऊन उभे. पोरगं पंधरा मिनिटं बटणं दाबत होतं, मग ओरडलं, "मामा, गेम बिघडला!" माशीचं सांगितलं तर रुसला. रात्री मात्र आपणहून बेनिन घेऊन बसला.

आता बोर्नूच्या स्वाराचं चित्र राहिलंय. तिकडे आणि शेजारच्या बागिर्मी राज्यात घोड्याला अन् स्वाराला जाड कापडात रुई भरून शिवलेलं चिलखत घालायचे, कधी आपल्या सावरीसारख्या झाडाची रुई. चक्क घोड्याला गोधडी. आजीची एक फाटकी गोधडी माळ्यावर आहे, तिच्या टाक्यांचा फोटो काढून तोच चित्रावर चढवून बघतो. ६४ पिक्सेलात टाके दिसतील का, हे कुणाला माहीत असेल तर सांगा, नाहीतर माळ्यावर चढायचे कष्ट वाचतील.