बर्ड फ्लूवर लस असतानाही कोट्यवधी पक्षी का मारले जातात?

जिज्ञासू: १९९७ साली हाँगकाँगमध्ये बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूची १८ जणांना लागण होऊन ६ जण दगावले, तेव्हा तेथील झाडून साऱ्या कोंबड्या मारण्यात आल्या. आता पक्ष्यांसाठी लस उपलब्ध असतानाही बहुतेक देश हाच मार्ग का धरतात? शिवाय माणसांमध्ये याची साथ अद्याप का पसरलेली नाही?

पशुवैद्यक: लस पक्ष्याचा जीव वाचवते, संसर्ग मात्र ती दर वेळी रोखतेच असे नाही. लस टोचलेला पक्षी वरकरणी निरोगी दिसत असताना विष्ठेतून विषाणू बाहेर टाकत राहू शकतो, आणि रोगाची पहिली वर्दी देणारी मरतुकच थांबल्यामुळे तो कोणाच्या लक्षातही येत नाही. या भीतीमुळे आयातदार देश बिचकतात. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ मध्ये बदकांचे लसीकरण सुरू करताच अमेरिकेने तिथल्या कोंबडी-बदकांच्या आयातीवर निर्बंध घातले. म्हणजे अडचण जितकी वैद्यकीय, तितकीच व्यापारी आहे.

सूक्ष्मजीव: दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. पेशीत शिरण्यासाठी हा विषाणू ज्या प्रकारच्या ग्राहींना (पेशींच्या पृष्ठभागावरील रेणूंना) चिकटतो, ते पक्ष्यांत मुबलक असतात. माणसात मात्र ते प्रामुख्याने फुप्फुसांच्या खोल भागात आढळतात, नाक-घशात विरळ. त्यामुळे लागण सहसा होत नाही आणि खोकल्या-शिंकांतून ती पुढेही सहज जात नाही; पण झालीच तर न्यूमोनिया गंभीर होतो. २००३ पासून जागतिक आरोग्य संघटनेकडे नोंदल्या गेलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे दगावले आहेत. सौम्य रुग्ण नोंदीतून निसटतात, त्यामुळे हे प्रमाण जसेच्या तसे घेऊ नये.

पक्षीनिरीक्षक: पशुवैद्यकांचे म्हणणे मान्य असले, तरी केवळ पक्षी मारून भागेल असा काळ कधीच मागे पडला, असे माझे मत आहे. २००५ मध्ये चीनमधील चिंगहाय सरोवरावर हजारो रानपक्षी मेले, तेव्हाच विषाणू कुक्कुटपालनाच्या कुंपणाबाहेर पडल्याचे दिसले होते. पुढे २०२१ च्या अखेरीस तो उत्तर अमेरिकेत आणि २०२२ मध्ये दक्षिण अमेरिकेत पोहोचला, तिथे सागरी सिंह मोठ्या संख्येने मेले, आणि २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर व अमेरिकेतील दुभत्या गाईंमध्येही तो सापडला. (पाश्चरीकरणाने तो नष्ट होतो, कच्चे दूध मात्र टाळावे.) स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना कोण अडवणार? म्हणून सर्व देशांनी विषाणूचे नमुने वेळेवर एकमेकांना देणे मला अधिक मोलाचे वाटते. आपल्याच नमुन्यांपासून बनलेली लस आपल्याला परवडणार नसेल तर ते द्यायचे कशाला, या रास्त तक्रारीवरून इंडोनेशियाने २००७ मध्ये नमुने रोखले होते आणि त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचा करार व्हायला २०११ उजाडले.