मदत हवी आहे: कुत्र्याची खाज थांबतच नाही

आमचा लॅब्रडॉर ४ वर्षांचा आहे. गेले दोन महिने पंजे चाटचाटून त्याने बोटांमधले केस तांबूस करून टाकलेत. काखा आणि पोट लाल, कानाला वास. रात्री त्याचं खाजवणं सुरू झालं की झोप कुणालाच नाही.

डॉक्टरांनी त्वचा खरवडून तपासली, खरजेचे किडे दिसले नाहीत. पिसवाही दिसत नाहीत, तरी मानेवर टाकायचं औषध दर महिन्याला न चुकता टाकतोय, कारण पिसवांची ॲलर्जी असेल तर एकदोन चावेही पुरतात. स्टेरॉइडने बरं वाटलं, गोळ्या संपल्यावर पुन्हा तेच.

आता खाण्याची ॲलर्जी आहे का ते बघायला ८ आठवडे फक्त हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं (ॲलर्जी उठू नये म्हणून प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेलं) खाणं द्यायचं ठरलंय. बाकी काहीही नाही, चघळायची हाडं आणि चवीची औषधंसुद्धा बंद. (आजी चोरून बिस्किट देते, तो वेगळाच प्रश्न!) ज्यांनी हे केलंय त्यांना फरक कितव्या आठवड्यात जाणवला? आणि क्लोरहेक्सिडिनच्या (जंतुनाशक) शाम्पूचा फेस १० मिनिटं अंगावर ठेवायला सांगितलाय, तोवर याला चाटण्यापासून कसं थांबवायचं?