अलोन इन द डार्क (१९९२) खेळतोय, माळ्यावरून खालीच उतरता येत नाहीये, मदत करा

लश्करचा_निशाचर:
नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरात सध्या सकाळी अकरापर्यंत धुकं असतं, घराबाहेर पडवत नाही, त्यामुळे रात्री सगळे झोपले की मी रजईत लॅपटॉप घेऊन बसतो आणि जीओजीवरून (जुने गेम विकणारी साइट) घेतलेला जुना अलोन इन द डार्क खेळतो, पहिला, १९९२ चा, इन्फोग्राम्स कंपनीवाला. कित्येक वर्षांपासून मनात होतं. सुरुवात तर इतकी आवडली की तीनदा बघितली. ती गाडी येते, एमिली, म्हणजे आपण जिला चालवतो ती, त्या डर्सेटो वाड्याकडे चालत जाते आणि मध्येच आपण वरच्या खिडकीतून तिच्याकडे बघत असतो, आणि खिडकीशी जे हात दिसतात ते माणसाचे नसतात. कुणी एक शब्द बोलत नाही तरी पोटात गोळा येतो.

पण पुढे गाडी अडलीये. माळ्यावर पोचून जरा पेटी, कपाट बघेपर्यंत खिडकी फोडून ते सुळेवालं जनावर आत येतं, त्याच्याशी मारामारीत अर्धा जीव जातो, ते पडतं न पडतं तोच जमिनीतली झडप उघडून एक मुडदा वर येतो आणि खेळ खलास. काल कसंबसं दोघांनाही मारलं, उरलासुरला जीव घेऊन खालच्या मजल्यावर आलो तर जिन्याच्या तोंडाशी दोन पंखवाली उभी. बंदूक रिकामी केली त्यांच्यावर, काही फरक नाही. मारायचं कसं या लोकांना? धावणंही जमत नाही, दहातून दोनदा धावते, बाकी वेळा आरामात चालत राहते. वॉकथ्रू, म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलेली सगळी उत्तरं, उघडायची इच्छा नाहीये पण आता हात शिवशिवायला लागलेत. माझा मावसभाऊ म्हणतो हे सोड आणि त्याच नावाचा २०२४ वाला नवा गेम घे. काय करू?

मुरारचा_जुना_गडी:
वॉकथ्रू उघडू नकोस, आधी हे वाच.

तू प्रश्नच उलटा विचारतोयस भाऊ. मारायचं कसं हे सोडून दे, टाळायचं कसं ते बघ. या गेमच्या मेनूत मारामारी ही अनेक कामांपैकी एक आहे, तिथेच ढकलणं आहे, बंद करणं आहे, शोधणं आहे, आणि आपण बाकीच्या गेमांच्या सवयीने आधी मारामारी निवडतो. माळ्यावर गेल्या गेल्या काहीही उघडत बसू नकोस. खिडकी कुठे आहे, झडप कुठे आहे, आणि खोलीत जड सामान काय आहे एवढं बघ. मग मेनूतून ढकलणं निवड. यापुढे मी सांगत नाही, सांगायची गरजही नाही.

मारामारी अगदी गळ्याशी आली तर स्पेस दाबून धरायचा आणि बाणांच्या कीज वापरायच्या, वेगवेगळ्या बाणाला वेगवेगळा फटका आहे. भिंतीला पाठ लागू देऊ नकोस, लागोपाठ फटके बसले की एमिली फक्त मार खात उभी राहते. आणि गोळ्या माळ्यावर उडवू नकोस, जीव भरून काढायच्या वस्तूही मोजक्याच आहेत, त्या पुढे लागतील. सेव्ह कुठेही करता येतं, पण जीव अर्धा असताना जुन्या सेव्हवर सेव्ह केलंस तर पुढे तीन तास वाया, म्हणून दोन-तीन वेगळे ठेव.

ते पंखवाले मरत नाहीत. त्यांच्याजवळच दोन पुतळे आहेत ते नीट बघ, आणि मग वरच्या खोल्यांमधून असं काय मिळतं ज्यात त्यांना स्वतःचंच तोंड दिसेल, तेवढा विचार कर.

खाली पोचलास की मुख्य दार उघडू नकोस. सगळ्यांना वाटतं सरळ घराबाहेर पडावं. नको.

जिवाजीगंजची_वाचक:
वरच्यांनी ढकलण्याचं लिहिलंय ते वाचून मला आमचा वाडाच आठवला म्हणून लिहितेय. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आमच्या जुन्या वाड्याला माळा होता, लाकडी जिना, वर जमिनीत सरकती फळी, आणि मागच्या बाजूला गज नसलेली एक खिडकी. माकडांचा इतका त्रास होता की दिवेलागणीला आजी आम्हा दोघा भावंडांना वर पाठवायची, खिडकी लावा आणि पेटी तिला टेकवून या. ती पत्र्याची पेटी, निळ्या रंगाची, आत आजोबांचे जुने कोट आणि कापराचा वास, एकाने ढकलायची आणि दुसऱ्याने कंदील धरायचा, आणि फरशीवरून ती सरकताना जो खर्रर आवाज यायचा तो अख्ख्या घराला ऐकू जायचा, मग खालून आजी विचारायची, लागली का? हा गेम मी पहिल्यांदा खेळले तेव्हा माळ्यावर पोचून खिडकी दिसली आणि मी कसलाही विचार न करता कपाट ढकललं. नंतर कळलं की तेच करायचं असतं. माझा भाऊ अजून मानत नाही की मला आधीपासून माहीत नव्हतं.

गेमवर लिहिलेलं असतंच की भयकथा लिहिणाऱ्या लव्हक्राफ्टच्या लेखनावरून प्रेरित म्हणून, पण बहुतेक जण ते शुंडावाली भुतं एवढ्यावरच सोडून देतात. हा माणूस १८९० ते १९३७ एवढाच जगला, अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावचा, आणि त्याच्या गोष्टींमधली भीती आपल्या भुतांसारखी नाही. आपलं भूत तुमच्यावर चिडलेलं असतं, त्याला काहीतरी हवं असतं, नैवेद्य दिला, अस्थी विसर्जन केलं की ते जातं. त्याच्या गोष्टीतल्या शक्तींना माणूस दिसतच नाही, मुंगी दिसावी तेवढाही नाही, आणि जो जास्त वाचतो, जास्त जाणून घेतो, तोच आधी वेडा होतो. म्हणूनच या गेममध्ये पुस्तकं आहेत. मन लावून वाच, वाड्याचा मालक जेरेमी हार्टवुड याने गळफास का घेतला ते त्याच्याच कागदांत मिळतं. पण लायब्ररीत एक पुस्तक असं आहे की चुकीच्या जागी उभं राहून उघडलं तर वाचतावाचताच मरण येतं. तिथे माझा हात थांबला होता. दुसऱ्या कुठल्या गेममध्ये वाचायची भीती वाटली असेल असं मला आठवत नाही.

बाणाची_की:
धावण्याबद्दल. वरचा बाण दोनदा पटकन दाबून दुसऱ्यांदा धरून ठेवायचा. जीओजीवाला डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे गेम चालवणारा प्रोग्राम) चालतो, त्यात कंट्रोल + एफ ११ ने वेग कमी होतो आणि कंट्रोल + एफ १२ ने वाढतो. माझ्याकडे जरा कमी केल्यावर धावणं बरंच सुधारलं. फुल स्क्रीन ऑल्ट + एंटर. तरीही कधीकधी नाही धावणार, जुनी कटकट आहे ती, त्यामुळे जिथे धावणं गरजेचं आहे तिथे आधी सेव्ह.

सयाजी_किल्ला_बडोदा:
मी बडोद्याहून, मध्येच बोलतोय. २०२४ वाला मी पूर्ण खेळलोय, पीसेस इंटरॅक्टिव्हचा. वाईट नाहीये. त्यात डर्सेटो हे मनोरुग्णांचं घर केलंय, डेव्हिड हार्बर आणि जोडी कोमर हे नट-नटी आहेत, चेहरे अगदी खरे, कॅमेरा खांद्यामागून. पण म्हणूनच तो आधी खेळू नये असं मला मनापासून वाटतं. खांद्यामागचा कॅमेरा तुमच्या हातात असतो, जिकडे बघायचं तिकडे बघा. १९९२ वाल्यात कॅमेरा वाड्याचा असतो. एमिली दारातून आत गेली की अचानक आपण तिच्याकडे छताच्या कोपऱ्यातून बघतो, मग जमिनीलगतून, आणि प्रत्येक वेळी वाटतं की इथे कुणीतरी आधीपासून बसलेलं होतं. फ्रेडरिक रेनल आणि त्याच्या छोट्या टीमने हे केलं तेव्हा थ्रीडी माणूस हाताने रंगवलेल्या खोलीत फिरवणं हेच नवल होतं. रेसिडेंट ईव्हिल हा दुसरा गाजलेला भीतीचा गेम त्यानंतर चार वर्षांनी, १९९६ ला आला, आणि तोच ठरलेल्या जागांवरचा कॅमेरा घेऊन आला. १९९२ वाल्यातल्या त्रिकोणी तोंडांकडे बघून हसणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की रात्री हेडफोन लावून एक तास बसा, फळ्यांवरची पावलं ऐका.

वॉकथ्रूबद्दल मात्र जुन्या गड्याशी माझं जमत नाही. या गेममध्ये काही मरणं अशी आहेत ज्यांची कसलीच चाहूल लागत नाही. नोकरी करणाऱ्या माणसाला रात्री एकच तास मिळतो, तो एकाच दाराशी चार दिवस घालवू शकत नाही. अडकलास तर तेवढ्याच खोलीपुरतं बघ आणि बंद कर.

मुरारचा_जुना_गडी:
खोलीपुरतं बघून बंद करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही दादा. एकदा उघडलं की शेवटच्या पानापर्यंत नजर जातेच. त्यापेक्षा इथे विचारावं, माणूस जेवढं लागतं तेवढंच सांगतो.

लश्करचा_निशाचर:
सगळ्यांचे खूप खूप आभार, तीन रात्रींनी लिहितोय.

पहिल्या रात्री माळ्यावर गेलो, काही उघडलं नाही, कपाट खिडकीला लावलं, पेटी झडपेवर सरकवली आणि एमिलीला खोलीच्या मधोमध उभी करून वाट बघत राहिलो. कुणीच आलं नाही. मारामारी करून जिंकलो होतो तेव्हा जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी त्या दोन मिनिटांत वाटली, कारण ते बाहेर आहे हे मला माहीत होतं. जिवाजीगंजच्या ताई, तुमच्या आजींचं ‘लागली का?’ तेव्हा डोक्यात आलं, खरं सांगतो. आमच्या घराला माळा नाही पण आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली तिच्या माहेरी दौलतगंजात अगदी अशीच फळी होती आणि तीसुद्धा त्यावर जातं ठेवायची.

पंखवाल्यांचं उत्तर काल रात्री मिळालं, पुतळ्यांसमोर दहा मिनिटं नुसता उभा होतो आणि एकदम लक्षात आलं. रजईतच ओरडलो. वेग कमी केल्यावर धावणंही आता दहातून सात वेळा जमतंय. मावसभावाला सांगितलंय की हा संपेपर्यंत २०२४ वाल्याचं नाव काढायचं नाही.

मुख्य दारासमोर जाऊन आलो. उघडलं नाही.

आता जेवणाच्या खोलीत मुडदे टेबलाभोवती जेवायला बसल्यासारखे बसलेत आणि मला स्वयंपाकघरात एक भांडं सापडलंय. काहीतरी सुचतंय. कृपया आज रात्रीपर्यंत कुणी काही सांगू नका.