फायदा अर्जातल्या ओळीपुरता नाही

'स्वयंसेवेने अर्जात एक ओळ वाढते, याहून अधिक काही तरुणांच्या हाती लागत नाही' हे मत मला पटत नाही. मात्र सक्तीने करून घेतलेल्या सेवेत मन रमत नाही, हे त्यातले म्हणणे रास्त आहे. चर्चेत न आलेली एक गोष्ट नोंदवतो. कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहावीच्या १०६ विद्यार्थ्यांचे, कोण कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे योगायोगावर सोडून, दोन गट पाडले होते. एका गटाने दोन महिने दर आठवड्याला प्राथमिक शाळेतील मुलांसोबत काम केले, तर दुसऱ्याला तोवर थांबवून ठेवले. अखेरीस पहिल्या गटातील कोलेस्टेरॉल आणि शरीरातील दाह दर्शवणारा रक्तातील एक घटक तुलनेने कमी आढळला, आणि ज्यांच्यात सहानुभूती अधिक वाढली होती त्यांच्यात ही घट सर्वाधिक होती.

विद्यार्थिदशेत मीही लहान मुलांना गणित शिकवायला जात असे. वजाबाकीतला हातचा तीनदा सांगूनही समोरचा मुलगा गप्पच राहिला, तेव्हा दहा काड्यांची जुडी त्याच्यापुढे सोडून मांडावी लागली. स्वतःला येणे आणि दुसऱ्याला समजावता येणे यांतले अंतर मला त्या दिवशी प्रथम कळले. तोवरच्या कोणत्याही परीक्षेने ते दाखवले नव्हते.