'तत्त्वज्ञान', 'दर्शन', 'मीमांसा': वाचायचं शोधताना नेमका शब्द कोणता?

प्रश्न
भाचीने बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलंय. देकार्त हा फ्रेंच तत्त्वज्ञ शिकवायला सुरुवात झाली, म्हणून तिच्यासाठी ऑनलाइन मराठी वाचन शोधत होते. 'दर्शन' टाकलं तर देवळांच्या दर्शनाच्या वेळा आल्या. 'दर्शनशास्त्र' टाकलं तर सगळं हिंदी. 'तत्वज्ञान' टाकलं तर सुविचार लिहिलेली सूर्योदयाची चित्रं. मराठीत या विषयाचं नाव नक्की काय? आणि 'तत्व' की 'तत्त्व'?

उत्तर
ताई, आधी त चं बघू. 'तत्' या शब्दाला 'त्व' प्रत्यय लागला, म्हणून दोन त: तत्त्व. महत्त्व आणि सत्त्व यांचंही तसंच. 'अस्तित्व' मात्र 'अस्ति' वरून आला, तिथे एकच त, म्हणून 'अस्तित्ववाद'. संपादकाच्या हाताखालून गेलेला मजकूर बहुधा दोन त वाला असतो. तेव्हा आधी 'तत्त्वज्ञान' टाका, मग एक त वालाही टाकून बघा, कारण चांगलं लिहिणारेही घाईत एकच त टाइप करतात.

आता 'दर्शन'. मराठी माणसाला त्यातून आधी देवच आठवणार. विचारपरंपरा या अर्थाने तो सहसा जोडून येतो: सांख्यदर्शन, न्यायदर्शन, चार्वाकदर्शन, षड्दर्शने. भारतीय परंपरेचं वाचायचं असेल तर असा पुरा शब्द द्या. 'दर्शनशास्त्र' हे विषयाचं हिंदीतलं रुळलेलं नाव. मराठीत ते नाव 'तत्त्वज्ञान'.

तरी या शब्दाचा जुना अर्थ वेगळा आहे, तो भाचीला जरूर सांगा. गीतेच्या तेराव्या अध्यायात 'तत्त्वज्ञानार्थदर्शनम्' असं पद आहे, आपले दोन्ही शब्द एकाच पदात. तिथे तत्त्वज्ञान म्हणजे खऱ्या स्वरूपाचं ज्ञान. वर्गात बसून शिकायच्या विषयाला हे नाव फार नंतर मिळालं. रोजच्या बोलण्यात तर 'त्याचं आयुष्याचं तत्त्वज्ञानच वेगळं' असंही आपण म्हणतो, आणि सुविचारांची चित्रं येतात ती या तिसऱ्या अर्थापायी.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: विषयाचं नाव टाकूच नका, आतली संज्ञा टाका. देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ यांच्यासाठी 'बुद्धिवाद', म्हणजे खरं ज्ञान मुख्यतः बुद्धीतून मिळतं हे मत; लॉक, बर्कली, ह्यूम यांच्यासाठी 'अनुभववाद', म्हणजे ते अनुभवातून मिळतं हे मत. इथे एक जागा सांभाळायची. 'रॅशनॅलिझम'ला मराठीत बुद्धिवाद, बुद्धिप्रामाण्यवाद आणि विवेकवाद असे तीन शब्द फिरतात. 'विवेकवाद' टाकलात तर बहुतेक अंधश्रद्धा आणि समाजसुधारणेची चर्चा मिळेल. ती मोलाचीच आहे, पण जन्मजात कल्पना असतात की नाही हा देकार्तचा प्रश्न तिथे क्वचितच असतो.

पुन्हा प्रश्न
दादा, 'बुद्धिवाद' लागू पडला. त्या लेखात 'ज्ञानमीमांसा' दिसलं, म्हणून नुसतं 'मीमांसा' शोधलं, तर जैमिनी आणि यज्ञ आले. दोन्ही एकच का?

उत्तर
शब्द एक, वापर दोन. मीमांसा म्हणजे खोल, चिकित्सक विचार. वर्तमानपत्रात 'पराभवाची कारणमीमांसा' वाचतो तो हाच. जैमिनींच्या परंपरेने वेदवाक्यांच्या अर्थाचा असा विचार केला आणि हे नाव त्या दर्शनालाच चिकटलं. ज्ञान कसं होतं, ते खरं कशावरून, ही चौकशी म्हणजे ज्ञानमीमांसा. काही पुस्तकांत तिलाच 'ज्ञानशास्त्र' म्हटलेलं असतं, तेव्हा दोन्ही शोधा. 'तत्त्वमीमांसा', म्हणजे मुळात काय आहे याचा विचार, हा शब्द हिंदीत फार चालतो. मराठी पुस्तकांत त्या जागी 'सत्ताशास्त्र' भेटतं. त्यातली सत्ता राजकारणातली नव्हे, असणं या अर्थाची.

मराठी विश्वकोशापासून सुरुवात करा. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड 1976 साली निघाला, आणि आता तो ऑनलाइन फुकट वाचता येतो. तत्त्वज्ञानावरच्या नोंदी घाईने उरकलेल्या नाहीत. एक नोंद उघडली की तिच्यातल्या संज्ञा वहीत उतरवून घ्यायला सांगा, पुढचे शोध त्यांनीच लागतात. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तत्त्वज्ञान महाकोशही आहे, तीन खंडांचा. कॉलेजच्या ग्रंथालयात विचारून बघा.

जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती हव्या असतील तर नाव रोमन अक्षरांतही टाका. पुष्कळ मराठी पुस्तकं अशा ऑनलाइन संग्रहांत रोमन अक्षरांतच नोंदलेली असतात, देवनागरीत शोधून सापडत नाहीत. आणि व्यक्तीचं नाव दोन्ही उच्चारांनी द्या: 'देकार्त' आणि 'डेकार्ट'.