शनिवार की रविवार? पॉइंट ब्रेकचा अंदाज वाचायला मदत हवी आहे

तिसरी_लाट

सर्फिंगची जागा उजवा पॉइंट ब्रेक आहे. किनारा साधारण उत्तर-दक्षिण, समुद्र पश्चिमेला. उत्तरेच्या बाजूनं एक खडकाळ टोक पश्चिमेकडे समुद्रात घुसलेलं आणि त्याच्या दक्षिणेच्या कुशीत नैऋत्येला तोंड असलेली छोटी खाडी. लाट टोकापाशी फुटायला सुरुवात होते आणि गोट्यांच्या कडेकडेनं आत वाळूपर्यंत धावते. (उजवा म्हणजे लाटेवर बसलेल्याचा उजवा. काठावरून बघणाऱ्याला ती डावीकडे जाताना दिसते.)

आज बुधवार. अंदाज असा दाखवतोय (स्वेलची, म्हणजे दूरच्या वादळातून येणाऱ्या लाटांची, उंची, लागोपाठच्या दोन लाटांमधले सेकंद आणि दिशा):

शुक्रवार: १.५ मी., ९ सेकंद, २३५ अंश. वारा दिवसभर पडलेला.
शनिवार: १.४ मी., १६ सेकंद, २८५ अंश. दुसरा स्वेल ०.८ मी., ८ सेकंद, २३० अंश. वारा सकाळी ईशान्य ५ नॉट, दुपारी वायव्य १५.
रविवार: १.९ मी., १३ सेकंद, २८० अंश. वारा नैऋत्य १२, पाऊस, गडगडाटाची शक्यता.

शनिवारची ओहोटी ७:१० ला ०.५ मी., भरती १३:२० ला २.३ मी.

अंदाजाच्या पानावर सगळ्यात जास्त तारे रविवारला, मग शुक्रवारला. शनिवार दुपार लाल रंगात. हे बरोबर आहे का? पाण्यात उतरायची वेळ नेमकी कोणती धरू? बोर्ड मध्यम लांबीचा आहे, खडकाळ तळाचा सराव आहे.

भूशिर

तारे बाजूला ठेवा. तारे उघड्या समुद्राच्या आकड्यांवरून पडतात, त्यांना तुमचं टोक दिसत नाही. जीएफएस या हवामान मॉडेलचे सगळ्यांना मिळणारे आकडे पाव अंशाच्या चौकोनात असतात, म्हणजे विषुववृत्तापाशी चौकोनाची बाजू सुमारे २८ किमी. त्यात तुमची अख्खी खाडी हरवून जाते. टोक आणि खाडीचा हिशोब तुम्हालाच करायचाय.

आधी सेकंद बघा, उंची नंतर. खोल पाण्यात लाटेची लांबी म्हणजे सेकंदांचा वर्ग गुणिले १.५६ मीटर. ९ सेकंदांची लाट १२६ मीटर लांब, १६ सेकंदांची ४०० मीटर. लाटेला तळ लागतो तो लांबीच्या निम्म्या खोलीपासून, म्हणजे शुक्रवारच्या लाटेला साधारण ६३ मीटरवर आणि शनिवारच्या लाटेला २०० मीटरवर. तळ लागला की लाट त्या बाजूनं मंदावते, उरलेली बाजू पुढे धावते आणि पूर्ण लाट उथळाकडे वळते. पॉइंट ब्रेक चालतो तो या वळण्यावरच. १६ सेकंदवाली फार बाहेरूनच वळायला लागते, त्यामुळे ती टोकाला वळसा घालून कुशीत शिरते. ९ सेकंदवालीला वळायला जागाच मिळत नाही.

आता दिशा. अंश म्हणजे स्वेल जिकडून येतो ती बाजू. (नकाशावरचा बाण मात्र जिकडे जातो तिकडे असतो. इथे बरेच जण १८० अंशांनी फसतात.) शुक्रवारचा २३५ अंश तुमच्या खाडीच्या तोंडात सरळ घुसतो. त्याला वळायची गरजच नाही, म्हणून तो सोलत (एका टोकाकडून क्रमाक्रमानं फुटत) जाणार नाही. पूर्ण रांग एकदम कोसळेल, निव्वळ क्लोजआउट. शनिवारचा २८५ अंश टोकाला तिरका येतो आणि वळतो. तुम्हाला हवाय तो हाच. दिशा ३००कडे सरकली तरी १६ सेकंदांचा स्वेल पोहोचेल, फक्त आतली लाट लहान होईल. ९ सेकंदांचा असता तर बराचसा बाहेरून निघून गेला असता.

दिशेचा फरक किती पडतो बघा: मालिबू आणि रिंकन, दोन्ही दक्षिण कॅलिफोर्नियातले उजवे पॉइंट, दोन्हीकडचा किनारा ढोबळमानानं दक्षिणेला तोंड करून. तरी मालिबू उन्हाळ्यात दक्षिणेच्या स्वेलवर जागं होतं आणि रिंकन हिवाळ्यात पश्चिमेच्या.

शक्तीचा ढोबळ हिशोब: उंचीचा वर्ग गुणिले सेकंद, त्याचं निम्मं. उत्तर दर मीटर रुंदीला किलोवॅट. शुक्रवार १०, शनिवार १६, रविवार २३. म्हणजे शुक्रवारची उंची शनिवारपेक्षा जास्त दिसते, पण जोर शनिवारचाच दीडपटीहून जास्त.

शनिवारी पानावर एकच आकडा १.६ मी. दिसला तर दचकू नका, स्वेल वाढलेला नाही. दोन्ही स्वेल एकत्र धरले की वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात: १.९६ + ०.६४ = २.६०, वर्गमूळ १.६. त्यातला ०.८ वाला तुमच्या कामाचा नाही. उलट तो खाडीत सरळ येऊन चांगल्या लाटेच्या भिंतीवर आडव्या गाठी पाडेल.

मतलई

भूशिर यांच्याशी सहमत, वाऱ्याचं आणि भरतीचं मी लिहितो.

शनिवारची सकाळ ईशान्य ५ नॉट (ताशी सुमारे ९ किमी). खाडीचं तोंड नैऋत्येला, म्हणजे हा सरळ जमिनीवरून येणारा वारा. लाटेची कड थोडी जास्त वेळ उभी राहते, भिंत गुळगुळीत. दुपारचा वायव्य १५ म्हणजे शाळेत शिकलेले खारे वारे: जमीन तापली की समुद्रावरून सुटतात आणि उत्तर गोलार्धात दिवस चढेल तसे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतात. पान त्याला लाल रंगवतं, कारण पश्चिमेकडच्या उघड्या किनाऱ्यावर तो पाणी घुसळून काढतो. तुमच्याकडे मात्र टोक मध्ये उभं आहे. वायव्येचा वारा टोकावरून तिरका खाडीत उतरतो, म्हणजे बाजूनं आणि थोडा मागून. आतल्या भागात पाणी चालण्यासारखं राहील. टोकाच्या अगदी पुढे मात्र आडोसा नाही, तिथे खडबडीत. टोक जेमतेम पाच-सात मीटर उंच असेल तर आडोशाचा फार भरवसा धरू नका. उंच असेल तर झोत भोवरे घेत खाली येतो, म्हणून सरासरी वाऱ्याबरोबर झोतांचाही आकडा बघा. सरासरी १५ आणि झोत २५ असेल तर टेक-ऑफला (लाट पकडून उभं राहताना) बोर्डचं नाक वर उचललं जातं.

रविवारचा नैऋत्य १२ सरळ तोंडावर. १.९ मी. असो की २.९, तारे कितीही असोत, कड आधीच चुरगळून पडेल. एकच फट आहे: हा पावसाचा पट्टा सरकून गेला की उत्तर गोलार्धात वारा नैऋत्येवरून वायव्येला फिरतो. तो दुपारी फिरेल असं दिसलं तर रविवार संध्याकाळ उघडू शकते. पण वारा फिरण्याची वेळ हाच अंदाजातला सगळ्यात कच्चा भाग. बुधवारी सांगितलेली ती वेळ सहा तास इकडे-तिकडे होणं अगदी नेहमीचं. स्वेलचे आकडे तीन-चार दिवस आधी बऱ्यापैकी टिकतात, वाऱ्याचे शुक्रवारी रात्री पुन्हा बघा. जीएफएस दिवसातून चारदा चालतं, ००, ०६, १२ आणि १८ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळ). लागोपाठच्या तीन फेऱ्या एकच सांगत असतील तर विश्वास ठेवा, दर फेरीला वेळ उडत असेल तर नका ठेवू.

भरती: ०.५ ते २.३, फरक १.८ मी. बाराव्या हिश्शाचा नियम लावा: सहा तासांत पाणी १, २, ३, ३, २, १ अशा हिश्शांनी चढतं. एक हिस्सा १५ सेंमी. म्हणजे ८:१० ला ०.६५, ९:१० ला ०.९५, १०:१० ला १.४, ११:१० ला १.८५. सगळ्यात वेगानं चढतं ते ९ ते ११ या दोन तासांत, ९० सेंमी. अशा तळावर साडेआठ ते साडेदहा उत्तम. आधी टोकापाशी गोटे उघडे, नंतर पाणी फार होऊन लाट बसकी होते, खडकाला आपटून उलटही येते. माझ्या मते ९ला उतरा.

उलटी_धार

९ला नाही, ८:१५ ला. ९ वाजता पाणी धावायला लागतं आणि चांगल्या उंचीची खिडकी तासाभरात सरते, त्यातली वीस मिनिटं उतरण्यात जातात. सराव आहे म्हणताय, तर ०.६५ ला टेक-ऑफ टोकापासून चाळीस-पन्नास मीटर आत घ्या आणि पाणी चढेल तसं टोकाकडे सरका. मात्र भरतीच्या तक्त्यातला शून्य तुमच्या खडकाचा शून्य नसतो. टोकाजवळचा एखादा सपाट खडक किती आकड्याला झाकला जातो ते एकदा काठावर बसून बघा आणि वहीत लिहा, पुढचे सगळे निर्णय त्यावर. हवेचा दाबही मोजा: दाब १ हेक्टोपास्कल उतरला की पाणी साधारण १ सेंमी चढतं. रविवारी दाब १५ नं पडला तर खडक तक्त्यापेक्षा १५ सेंमी जास्त बुडालेला.

उतरण्याआधी किमान २५-३० मिनिटं बघायचं. १६ सेकंदांच्या स्वेलमध्ये दोन सेटमधली (सेट म्हणजे एकापाठोपाठ येणाऱ्या मोठ्या लाटा) शांतता लांब असते. दहा मिनिटं बघून 'आज काहीच नाही' म्हणत खडकावरून उडी मारणारे पहिल्याच सेटमध्ये गोट्यांवर परत येतात. शिवाय १.४ हा आकडा म्हणजे सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. तासाभरात एखादी त्याच्या दीडपटीहून मोठी येणं हा अपवाद नाही, ते गृहीतच धरायचं.

बघताना सेकंद स्वतः मोजा. टोकाच्या बाहेर, लाट अजून फुटत नाही तिथे, एक खूण धरा: तरंगतं शेवाळ, बोया, नाहीतर फेसाचा ठिपका. सेटची एक कड त्यावरून गेली की घड्याळ सुरू, पाचवी कड गेली की बंद. मध्ये चार अंतरं, चारनं भागा. ६४ सेकंद आले तर १६चा स्वेल पोहोचलाय. ३५च्या आसपास आले तर अजून ८-९ वालाच खेळतोय, थांबा.

खडकावरून उतरायचं ते सेटची शेवटची लाट फुटून फेस परतताना. फेसाबरोबर पोटावर सरका, उडी नको, फिन (बोर्डखालचा पर) गोट्याला लागते. लीश (बोर्डला बांधलेली दोरी) आधीच पायात आणि हातात गुंडाळलेली नाही.

पॉइंटवर पाणी टोकाकडून आत वाहतं, लाट धावते त्याच दिशेनं. काठावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, जवळचा खडक आणि मागचं झाड. त्या रेषेतून सुटलात की वाहताय. सतत वल्हवूनही रेष परत येत नसेल तर झुंजू नका. आत वाळूवर बाहेर पडा आणि चालत टोकावर या. पॉइंटवर चालणं वल्हवण्यापेक्षा नेहमी स्वस्त. मधल्या गोट्यांवरून बाहेर पडायचा मोह टाळा. बोर्ड फुटतात ते बहुतेक तिथेच.

तिसरी_लाट

भारी माहिती. दोन शंका. पश्चिम-वायव्येला १२० सागरी मैलांवर लाटा मोजणारा एक बोया आहे, त्याचा कसा उपयोग करू? आणि १६ सेकंदांचा स्वेल शनिवारी आणि १३चा जास्त उंच रविवारी, हे दोन वेगळे स्वेल आहेत का?

भूशिर

एकच असणार, दिशाही जवळपास तीच आहे. खोल पाण्यात स्वेलचा गट साधारण सेकंद गुणिले १.५ इतक्या नॉटनं सरकतो. १६ सेकंदवाला २४ नॉट, १३वाला १९.५. समजा वादळ २००० सागरी मैल दूर होतं, तर पहिल्याला ८३ तास, दुसऱ्याला १०३. वीस तासांचा फरक. लांब सेकंदवाले पुढे निघून येतात, भरीव उंची मागून.

बोयाचा हिशोबही तोच: १२० भागिले २४ म्हणजे पाच तास, शेवटच्या उथळ पट्ट्यात मंदावतो म्हणून थोडं वर. पहाटे ३च्या नोंदीत १६ दिसला तर ८-८:३० पर्यंत तुमच्याकडे. पण बोयाचा 'मुख्य पिरियड' (म्हणजे तेच सेकंद) एका नोंदीत ८ आणि पुढच्या नोंदीत १६ दाखवेल. बोया बिघडलाय असं समजू नका. दोन स्वेलपैकी त्या क्षणी ज्याच्या पट्ट्यात ऊर्जा जास्त, त्याचा आकडा छापला जातो. म्हणून स्वेल आणि वाऱ्याच्या लाटा वेगळ्या दाखवणारा तक्ता उघडा आणि १४ सेकंदांच्या वर किती उंची आहे तेवढंच बघा. तिथे ३ला ०.३ मी. असेल आणि ५लाही तेवढंच, तर स्वेल उशिरा येतोय. उलटी_धार यांचं ८:१५ सोडा, मतलई यांचं ९ धरा.

मतलई

आणि रविवार संध्याकाळची फट उघडलीच तर: गडगडाट ऐकू आला की लगेच बाहेर, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पाण्यात परत नाही. खाडीत ओढा किंवा नाला उतरत असेल तर जोराच्या पावसानंतर ७२ तास तिथलं पाणी टाळा, घाणीबरोबर ओंडकेही वाहून येतात आणि ते लाटेच्या भिंतीत दिसत नाहीत.

तिसरी_लाट

ओढा आहे, वाळूच्या टोकालाच. मग रविवार खोडला. शनिवारी पहाटे ३ आणि ५ची नोंद बघून ८:१५ की ९ ते ठरवतो.