मदत हवी आहे: गोराईत कंटेनरच्या खोलीसाठी पाया कोणता?

नमस्कार मंडळी. गोराईला आमची वडिलोपार्जित जागा आहे, तिथे ४० फुटी जुना कंटेनर ठेवून काकांसाठी छोटं ऑफिस करायचं आहे. परवानगीचं काम वकिलांकडे आहे, त्यामुळे ते सोडून बोलूया. प्रश्न पायाचा आहे.

ठेकेदार म्हणतो, "साहेब, रिकामा डबा पावणेचार टनांचा, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवा, झालं!" कंटेनरचा भार चार कोपऱ्यांच्या लोखंडी ठोकळ्यांवर येतो, हे मान्य. पण आम्ही एका लांब बाजूचा पत्रा कापून मोठी खिडकी काढणार आहोत. त्या पन्हळी पत्र्यातच अर्धी ताकद असते ना? मग मध्येही टेकू लागेलच, असं मला वाटतं.

दुसरी अडचण जमिनीची. वर दोन-अडीच फूट मुरमाचा भराव, खाली खाडीचा काळा चिखल. एक कोपरा इंचभर जरी खचला तरी दरवाजा अडकणार. २६ जुलै २००५ चं पाणी काकांनी पाहिलंय, त्यामुळे जोतं उंच हवं हा त्यांचा हट्ट (आणि तो बरोबरच आहे). तळाला हवा खेळली नाही तर खारट दमटपणाने गंज लागेल तो वेगळाच.

सहा सुटे फुटिंग (टेकूंखालचे काँक्रीटचे वेगवेगळे ठोकळे) घालून ते बीमने बांधावेत, की सरळ राफ्ट (सगळ्या डब्याखाली एकच सलग काँक्रीटची लादी)? की अशा चिखलात पाइलशिवाय (जमिनीत खोलवर उतरवलेल्या खांबांशिवाय) गत्यंतर नाही? माती परीक्षण करणारच आहे, पण मातीचे नमुने काढायला किती खोल बोअर घ्यायला सांगू? खाडीकाठी कोणी असं काम केलं असेल तर वादळवाऱ्यासाठी डबा पायाला वेल्ड केला की बोल्टने आवळला, तेही सांगा.